मु. पो. आखाडा बाळापूर

मु. पो. आखाडा बाळापूर, ता. कळमनुरी, जि. हिंगोली. पत्राच्या पाठीवर आपण एवढेच लिहितो आणि पत्र पेटीत टाकून मोकळे होतो. परंतु या अर्ध्या ओळीत त्या गावाचा सगळा राज्यकारभार सामावला आहे, हे आपल्या ध्यानी क्वचितच येते. ज्या घरांत जुनी पत्रे जपून ठेवण्याची चाल आहे, तेथील मुलांनी एकदा ती पेटी उघडून बाळापूरचे पत्ते कालक्रमाने मांडून पाहावे. १९९९ च्या मे महिन्यापूर्वीच्या पत्रावर ‘जि. परभणी’ असे असेल. त्याच्याही मागचे, १९४८ पूर्वीचे एखादे पत्र सापडलेच, तर त्यावर ‘निजाम स्टेट’ किंवा नुसते ‘मोगलाई’ असेल. गाव जागचे तसूभरही हलले नाही. त्याच्या भोवतालच्या रेषा मात्र वारंवार पुसल्या गेल्या व नव्याने आखल्या गेल्या.

या रेषा कोणासाठी आखल्या जातात? आखणाऱ्याच्या सोयीसाठी, की आत राहणाऱ्याच्या? आणि त्या रेषेच्या आत जो अधिकारी बसतो तो जाब कोणास देतो? प्रश्न दिसावयास रुक्ष आहे. पण ज्या घरात जमिनीचा उतारा काढावा लागतो, मुलीचा दाखला मिळवावा लागतो आणि पाणीपट्टी भरूनही नळ कोरडा राहतो, त्या घरास तो मुळीच रुक्ष वाटणार नाही. म्हणून या महिन्यात आम्ही वाचकांस बाळापूरच्या वेशीपाशी घेऊन जाणार आहो, आणि वाटेत थोडे कोरियातही डोकावणार आहो. कोरियात कशासाठी, ते पुढे कळेल.

प्रथम भूगोल. हिंगोलीहून नांदेडकडे निघालेला रस्ता कळमनुरी सोडल्यावर आखाडा बाळापुरास येतो आणि पुढे वारंगा फाट्यावर नागपूर-नांदेड रस्त्यास मिळतो. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेड करीत तेलंगणातील संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग तो हाच. भोवती काळी जमीन. तीत कापूस, सोयाबीन आणि हळद. हिंगोलीकडून येणारी कयाधू नदी कळमनुरी तालुक्यातून वाहत जाऊन पुढे पैनगंगेस मिळते. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड. म्हणजे एका अंगास नांदेडची बाजारपेठ, दुसऱ्या अंगास हिंगोलीची कचेरी आणि नदीपार विदर्भ, अशा तिघांच्या ओढीत हे गाव वसले आहे. तिठ्यावरच्या गावाचे जे होते तेच याचेही झाले: आसपासच्या खेड्यांचा बाजार येथे भरू लागला आणि खेडे हळूहळू पेठ बनले.

आता रेषांचा इतिहास पाहू. पहिल्या सालारजंगांनी १८६५ मध्ये निजामाच्या राज्यात जिल्हाबंदी केली आणि आज आपण ज्यास जिल्हा म्हणतो ती घडण या मुलखात रुजली. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यास त्या काळी कलेक्टर म्हणत नसत, अव्वल तालुकदार म्हणत. त्याच्या हाताखाली तहसीलदार; आणि गावात माली पाटील, पोलीस पाटील व पटवारी. माली पाटलाने वसूल गोळा करावा, पोलीस पाटलाने बंदोबस्त राखावा आणि पटवाऱ्याने दप्तर लिहावे, अशी वाटणी असे. सरकारचे दप्तर आधी फारसीत आणि पुढे उर्दूत चाले. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हे कुलकर्णपण अथवा देशपांडेपण पिढ्यान्‌पिढ्या नांदले असेल. त्या घरांतून रुमालात बांधलेले कागद अजूनही माळ्यावर असतील. त्या व्यवस्थेविषयी एक गोष्ट मात्र मोकळेपणाने कबूल केली पाहिजे. वतनदार गावातच राहत असे, त्यामुळे त्याचे दार जवळ होते. पण तो जाब देई तो वरच्यास. गावकऱ्याने त्यास निवडले नव्हते आणि गावकरी त्यास काढूही शकत नव्हता. दार जवळ असणे आणि दारातला माणूस आपल्याला बांधलेला असणे या दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी होत. हा भेद वाचकांनी मनात धरून ठेवावा. पुढे तो उपयोगी पडेल.

त्या काळी पैनगंगा ही नुसती नदी नव्हती, ती सरहद्द होती. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाड. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार. माल नदीपार न्यावयाचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. लेक पैनगंगेपलीकडे दिली म्हणजे ती दुसऱ्या राज्यातच गेली म्हणावयाचे. १९४७-४८ साली तर ही रेषा जीवनमरणाची झाली. रझाकारांच्या जुलमाने सरहद्दीलगतची कुटुंबे पलीकडे आश्रयास गेली आणि हैदराबादच्या मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी उमरखेडसारख्या ठिकाणी सीमेवर शिबिरे उभारली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते पर्व संपले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव हे पाच तालुके निघून हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या थोडी वर भरली. बाळापूरकरास कलेक्टरकचेरीसाठी परभणीपर्यंत जाण्याचे कारण उरले नाही. हिंगोलीत काम होऊ लागले. रेषा बदलल्याने माणसाचे पाय कसे वाचतात याचे हे उत्तम उदाहरण होय.

परंतु एक रेषा बदलली म्हणून साऱ्या बदलत नाहीत. मौज अशी की, आज बाळापूरच्या एकाच घरातील माणसे निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या नकाशांत राहतात. घरपट्टी, पाणीपट्टी आणि जन्ममृत्यूची नोंद ग्रामपंचायतीकडे. सातबारा तलाठ्याकडे, २०२४ पासून त्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे. त्याच्यावर मंडळ अधिकारी, कळमनुरीस तहसीलदार, हिंगोलीस जिल्हाधिकारी आणि छत्रपती संभाजीनगरास विभागीय आयुक्त. पोलीस ठाणे गावातच. ते हिंगोलीच्या अधीक्षकांच्या हाताखाली, आणि त्यांच्यावरचे परिक्षेत्र नांदेडचे. शेतमालाची बाजार समितीही बाळापुरातच आहे. मुलगा दहावीस बसला म्हणजे त्याचा निकाल छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडून येतो. तोच मुलगा पदवीस गेला की त्याचे विद्यापीठ नांदेडचे, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने १९९४ मध्ये स्थापन झालेले. हिंगोलीस जाऊन आगगाडीत बसावे तर ती दक्षिण मध्य रेल्वेची, जिचे मुख्य ठाणे सिकंदराबादेस; आणि स्टेशनावरच्या पाटीवर नाव ‘हिंगोली डेक्कन’. मोगलाई गेली, पण आगगाडीचा नकाशा अजून दक्षिणेकडेच तोंड करून आहे.

यातील सर्वांत विलक्षण रेषा मतदारसंघाची. विधानसभेसाठी बाळापूर कळमनुरीत मोडते. लोकसभेच्या हिंगोली मतदारसंघात मात्र हिंगोली, कळमनुरी व वसमत यांच्या जोडीस नांदेड जिल्ह्यातील किनवट व हदगाव आणि यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड हेही आहेत. म्हणजे ज्या उमरखेडास जाण्यासाठी एके काळी सरहद्द ओलांडावी लागे, जेथे जीव मुठीत धरून माणसे आश्रयास गेली, तेथील आणि बाळापूरचे मतदार आज एकत्र मिळून एकच खासदार निवडतात. रेषा ही देवाने आखलेली नसते, माणसाने आखलेली असते, हे पटण्यास याहून दुसरा दाखला नको.

आता कोरियाकडे वळू. दक्षिण कोरियात मोठ्या शहरांचे नगरविभाग पाडलेले असतात. राजधानी सोलचे असे २५ विभाग आहेत. आपल्याकडील महापालिकेच्या प्रभागांहून ते पुष्कळच मोठे. एकेकाची वस्ती लाखांनी मोजावयाची. प्रत्येक विभागाखाली मोहल्ले, ज्यांस तेथे ‘दोंग’ म्हणतात, आणि दाखले वगैरे रोजची कामे दोंगच्या कचेरीत होतात. येथवर सारे आपल्यासारखेच. पण त्या विभागांत दोन जाती आहेत. सोल, बुसान, इंचॉन अशा महानगरांतील विभाग १९८८ पासून स्वायत्त आहेत. त्यांना आपले सभागृह आहे आणि १९९५ पासून विभागप्रमुखही लोकांनी निवडलेला असतो. याउलट सुवॉनसारख्या शहरात, जेथील वस्ती दहा लाखांहून अधिक आहे, चार विभाग आहेत खरे. परंतु त्यांना सभागृह नाही आणि त्यांचा प्रमुख महापौराने नेमलेला नोकर असतो. नाव एक, पाटी एक, कचेरीही तशीच. पण एक विभाग लोकांना जाब देतो, दुसरा वरच्यास. आमच्या माली पाटलाची आणि निवडून आलेल्या सरपंचाची जी कथा, तीच ही.

त्याहून बोधप्रद कथा बुचॉन शहराची आहे. सोल व इंचॉन यांच्या मधोमध वसलेल्या या शहराचे तीन विभाग होते. कारभाराच्या पायऱ्या कमी कराव्या, खर्च वाचवावा, या विचाराने २०१६ च्या जुलैत ते तिन्ही विभाग मोडण्यात आले. पुढे २०१९ मध्ये ३६ दोंग एकत्र करून त्यांचे दहा मोठे दोंग करण्यात आले. कागदावर ही काटकसर सुरेख दिसली. परंतु लोकांचे हेलपाटे वाढले, कचेऱ्या लांब पडल्या, आणि १ जानेवारी २०२४ रोजी तेच तीन विभाग पुन्हा स्थापन करावे लागले. साडेसात वर्षांनी गाडी मूळ स्थानकावर आली. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्या वाचकांस यात नवल वाटू नये. मोठ्या घरात एकच कोठी ठेवली की हिशेब सोपा होतो हे खरे. पण त्या कोठीची किल्ली ज्या सासूबाईंच्या कमरेला असेल त्या माडीवर राहू लागल्या, तर स्वयंपाकघरातील सुनेने वाटीभर साखरेसाठी किती वेळा जिना चढावा?

इंचॉनची एक लहानशी गोष्टही येथे सांगून टाकू. तेथे एका विभागाचे नाव ‘दक्षिण विभाग’ असे होते. शहर वाढत गेले, नवे विभाग त्याच्याही दक्षिणेस झाले आणि दक्षिण विभाग दक्षिणेस उरलाच नाही. अखेर १ जुलै २०१८ रोजी ते नाव टाकून तेथील प्राचीन नगराचे ‘मिचुहोल’ हे नाव त्यास देण्यात आले. दिशेवरून ठेवलेले नाव नकाशा करणाराच्या सोयीचे असते. जुने नाव राहणाऱ्याच्या आठवणीचे असते. ‘आखाडा बाळापूर’ हे भारदस्त दुहेरी नाव कोणी नकाशाकाराने ठेवले नसणार, एवढे तर आपण खात्रीने म्हणू शकतो.

आता पुन्हा आपल्या गावी येऊ. बाळापूरचा कारभार ग्रामपंचायत पाहत आली आहे. तिचे सदस्य निवडलेले. निम्म्या जागा स्त्रियांसाठी २०११ पासून राखीव. आणि सरपंच २०१७ पासून थेट लोकांतून निवडावयाचा, मध्यंतरी २०२० मध्ये ती पद्धत मोडली व २०२२ मध्ये पुन्हा आली. म्हणजे सुवॉनच्या लाखवस्तीच्या विभागातील नागरिकास जो अधिकार नाही, तो बाळापूरच्या शेतकऱ्यास आणि त्याच्या पत्नीस आहे. या गोष्टीचा अभिमान जरूर बाळगावा. पण निर्धास्त मात्र राहू नये. निवडलेली संस्था नेमलेली व्हावयास रेषा बदलावी लागत नाही, निवडणूक लांबली तरी पुरे होते. २०२२ साली राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या, हिंगोलीचीही संपली. निवडणुका लांबत गेल्या आणि मधली वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. पाटी तीच होती, इमारत तीच होती. फक्त आतला माणूस लोकांना जाब देणारा उरला नव्हता. सुवॉन शोधावयास समुद्र ओलांडण्याचे कारण पडले नाही.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. पेठ झालेल्या गावास खेडे म्हणावे की शहर? दहा ते पंचवीस हजार वस्तीच्या आणि शेतीबाहेरचे व्यवसाय वाढलेल्या गावास आपल्या कायद्यात नगरपंचायतीची वाट आहे. २०१४ च्या सुमारास सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना सरसकट नगरपंचायती करण्याचे धोरण घेतले. त्यात औंढा नागनाथ व सेनगाव या नगरपंचायती झाल्या. हिंगोली, वसमत व कळमनुरी येथे नगरपरिषदा आहेतच. बाळापूर तालुक्याचे ठिकाण नसल्याने त्या धोरणाच्या कक्षेत आले नाही. म्हणजे गावाची पदवी त्याच्या बाजारावरून, रहदारीवरून किंवा गटारांच्या गरजेवरून ठरली नाही. तहसील कचेरी कोठे आहे यावरून ठरली. हे न्याय्य आहे काय, असे कोणी विचारल्यास आम्ही तरी नाही असेच म्हणू.

तथापि नगरपंचायत म्हणजे सर्व दुःखांवरचा उतारा, असेही आमचे म्हणणे नाही. शहराची पदवी आली की मुख्याधिकारी येतो, रस्ते, दिवे व गटारे यांसाठी शहरी योजनांचा पैसा येतो, बांधकामास नियम लागतो. पण त्याबरोबर जिल्हा परिषदेतील मत जाते, ग्रामीण योजनांतील वाटा जातो, आणि ग्रामसभा जाते. हा शेवटचा तोटा कोणी फारसा मोजत नाही, म्हणून आम्ही तो मुद्दाम सांगतो. ग्रामसभेत प्रत्येक प्रौढ मतदारास बसण्याचा, प्रश्न विचारण्याचा आणि हिशेब मागण्याचा अधिकार असतो. नगरपंचायतीत तो अधिकार निवडलेल्या मूठभर नगरसेवकांकडे जातो; बाकीच्यांनी पाच वर्षे वाट पाहावयाची. तेव्हा जे गाव या वळणावर उभे असेल, त्याने पाटीच्या मोहाने नव्हे, तर काय मिळते आणि काय जाते याचा नीट जमाखर्च मांडून निर्णय करावा.

आणि येथे आम्हाला आमच्या वाचकभगिनींशी दोन शब्द बोलावयाचे आहेत. वर्षातून किमान चार ग्रामसभा भरविणे कायद्याने बंधनकारक आहे. बहुधा त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा भरवावी, असाही नियम आहे. खेदाची गोष्ट अशी की, सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतूनच या सभांस जाणारी माणसे कमी. कोणी म्हणतात, तेथे गोंधळ असतो. कोणी म्हणतात, आपले कोण ऐकणार? ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाचे दप्तर लिहिले, त्या घरांतील सुना-लेकींनी गावाचा जमाखर्च वाचण्यास संकोच करावा, याचे आम्हास आश्चर्य वाटते. पूर्वी आपण वरच्यासाठी लिहीत होतो. आता सर्वांसाठी वाचावयाचे आहे. लेखणी तीच, धनी मात्र बदलला. पाणी किती वाजता येते, दवाखान्यात औषध आहे की नाही, शाळेच्या आवारातील स्वच्छतागृहास दार आहे की नाही, या गोष्टी घरातील स्त्रीस जितक्या ठाऊक तितक्या कोणत्याही अधिकाऱ्यास ठाऊक नसतात.

म्हणून या महिन्यात प्रत्येक घरी एक लहानसे काम करावे, अशी आमची विनंती आहे. रात्रीची जेवणे आटोपल्यावर मुलांना एक कोरा कागद द्यावा. डाव्या बाजूस घरातील कामे लिहावी: उतारा, दाखला, पाणी, दिवा, शाळा, तक्रार, मत. मधे त्या कामाची कचेरी आणि ती असलेले गाव लिहावे. उजव्या बाजूस एकच शब्द लिहावा: तेथील माणूस ‘निवडलेला’ की ‘नेमलेला’. आजोबांना जुन्या कचेऱ्या आठवतील, सूनबाईंना नव्या ठाऊक असतील, आणि मुलांना हे कळेल की भूगोल पुस्तकात नसून आपल्या उंबऱ्यापासून सुरू होतो. ज्या ओळीपुढे ‘नेमलेला’ असेल तेथे अर्ज कसा करावा हे शिकावे. ज्या ओळीपुढे ‘निवडलेला’ असेल तेथे पुढच्या सभेस जावे.

रेषा आखणारे आखोत. उद्या कदाचित आणखी एक तालुका होईल, एखादे गाव शहर ठरेल, पत्त्यातील एखादा शब्द पुन्हा बदलेल. त्या वेळी पाकिटावर नवे नाव लिहिणारा हात जर असे विचारू लागला की, या नव्या नावाने आमच्या गावचे दार जवळ आले काय आणि आतला माणूस आमचा झाला काय, तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.